दोऱ्याची बाटली

४ जानेवारी

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचे असतात. ती जागा मी कोरी सोडली आहे, तुला हवं ते भरून घे.

फोन करत नाही. गेल्या वेळी फोनवर आपण दोघं एकदमच बोलत होतो आणि दोघांनी एकदमच फोन आपटला. त्याला नऊ वर्षं झाली. कागदावर निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

काम एवढंच आहे. बाबांची पिकअप माझ्या शेडमध्ये उभी आहे. लेकीची रोपवाटिका आता बरी चालते, तिला कुंड्या आणि खताची पोती न्यायला गाडी हवी. इंजिन मी चालू केलं आहे. (हो, मीच. दचकू नकोस.) ब्रेकचं पेडल मात्र पार तळाला जातं. मास्टर सिलिंडर बदलावा लागणार. मूळचा सिलिंडर बाबांनी काढून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा बसवला होता, तेव्हा आपण तिघंही होतो. कुठल्या गाडीचा ते त्यांच्या वहीत आहे, आणि वही तुझ्याकडे आहे. तशी गॅरेजमधली प्रत्येक गोष्ट तुझ्याकडेच आहे.

पार्टवाला म्हणतो, गाडीचं नाव सांगा म्हणजे मागवतो. ते एक नाव लिहून पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

ताई

१३ जानेवारी

ताईस,

कोरी जागा मिळाली. तशीच परत करतो.

गॅरेज माझ्याकडे आहे कारण सकाळी आठला शटर मी उघडतो. तू नाही. वाटणीच्या वेळी मी काय म्हणालो होतो ते आठव. गाडी भंगारात घालू म्हणालो. एकदा नाही, तीनदा. तुलाच हट्ट, की बाबांची गाडी मला हवी. घेतलीस, नऊ वर्षं शेडमध्ये उभी करून ठेवलीस, आणि आता तिच्यात पोरीला बसवणार? ज्या गाडीने बाबांना अंथरुणाला खिळवलं त्या गाडीत?

वही सापडत नाही. सापडली तरी मी त्यातलं पान तुला पाठवणार नाही. ब्रेकचं काम म्हणजे रोपाला पाणी घालणं नव्हे. आणि एवढीच खुमखुमी असेल तर जुना सिलिंडर काढून पार्टवाल्याच्या टेबलावर ठेव, तो बघून सांगेल. गॅरेजमध्ये झाडू मारणाऱ्यालाही एवढी अक्कल असते.

पण सिलिंडर बसवलास तरी पुढे काय? ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. खाली चाकापाशी कोण आणि पेडलवर कोण? आपल्या घरात कोणाच्या पायामुळे काय झालं ते सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. मी "धर" म्हणालो होतो, तू सोडलंस. चाकावरचा हवा सोडायचा निपल उघडा होता, हवा आत गेली, आणि अकरा दिवसांनी बाबा पाण्याच्या टाकीच्या उतारावरून सरळ भिंतीवर. या खेपेला पेडलवर दुसरं कोणीतरी बसव.

माझं ऐकशील तर उद्याच्या उद्या भंगारवाला पाठवतो. उचलण्याचा खर्च माझा.

बारक्या

२७ जानेवारी

बारक्या,

तुझा सल्ला मानला. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणून तारीख घालून ठेवते.

जुना सिलिंडर काढला. नळ्यांचे नट गंजले होते, दोन दिवस तेल सोडत बसले. सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण मात्र काही केल्या निघेना. शेवटी पाईपचा पाना लावून फिरवलं. झाकणाच्या आतलं रबर बघून मी शेडच्या दारात जाऊन उजेडात उभी राहिले. फुगलेलं होतं ते, भिजलेल्या पापडासारखं. झाकणात परत बसेना.

टाकीच्या तळाशी अर्धा कप शिल्लक होतं. काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी दोन थर झाले होते. खाली ब्रेकचं ऑइल, वर काळपट तेल. मधली रेघ आखल्यासारखी सरळ.

बरणी आणि सिलिंडर दोन्ही घेऊन पार्टवाल्याकडे गेले. त्याने सिलिंडर उघडला, आतली रबरं बोटावर घेतली आणि म्हणाला, "बाई, यात इंजिन ऑइल कुणी ओतलं?" मी म्हटलं, हवा गेली होती असं ऐकून आहे. तो हसला. म्हणाला, "हवा गेली तर पेडल पहिल्या दिवशीच मऊ लागतं, गेटच्या बाहेर पडायच्या आत कळतं. आणि हवेने रबर फुगत नाही. हे तेलाचं काम. आठवडाभरात रबर फुगलं असणार, मग ब्रेक पुरता सुटतच नाही, गाडी जड ओढते, चाकं तापतात, आणि एक दिवस रबर फाटतं. मग पाय तळाला."

गाडी जड ओढते. बारक्या, बाबा मला फोनवर अगदी हेच म्हणाले होते. हवा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी परतले, आणि आठ-नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला: "बाकी सगळं ठीक, गाडी तेवढी जड ओढतेय." मी म्हटलं, बारक्याला दाखवा.

आपल्या गॅरेजचा नियम तुला पाठ आहे, मला पाठ आहे. बाबा रिकामी बाटली कधी टाकत नसत. ब्रेक ऑइलच्या रिकाम्या बाटलीत इंजिन ऑइल भरून ठेवायचे आणि मानेला लाल दोरा बांधायचे. दोरा असेल तर इंजिनचं, नसेल तर ब्रेकचं. दोरा चाचपल्याशिवाय त्यांनी कधी बाटली उचलली नाही. आपणही नाही.

मग टाकीत तेल कुणी घातलं? अकरा वर्षं मी माझा हा उजवा पाय लोकांपुढे लपवत आले आहे. आत्या अजून कोणाच्याही लग्नात माझी ओळख करून देताना म्हणते, "हीच ती, पाय सोडणारी." मला उत्तर पाहिजे.

ताई

२ फेब्रुवारी

ताईस,

चोवीस वर्षं गॅरेजमध्ये राबतोय. आता मला गाडीची अक्कल एक पार्टवाला शिकवणार, तेही तुझ्या पत्रातून! हे दुकानदार म्हणजे उंटावरचे शहाणे. गाडीखाली कधी पाठ टेकलेली नसते आणि गिऱ्हाईक समोर आलं की तोंडाचा पट्टा सुरू.

अकरा वर्षं उभी राहिलेली गाडी. तेवढ्या काळात रबराचं काहीही होऊ शकतं. उंदीर लागतात, दमट हवा लागते. तुझ्या शेडमध्ये कोण जातं येतं, कोणी काय ओतलं, मला काय माहीत? तुझ्या लेकीनेच ओतलं असेल, ती रोपांवरही कसली कसली तेलं फवारत असते.

आणि दोऱ्याचं म्हणशील तर तू स्वतःच लिहिलंस, दोरा नसेल तर ब्रेकचं. त्या दिवशी फळीवर जी बाटली होती तिला दोरा नव्हताच. बिनदोऱ्याची बाटली, म्हणजे ब्रेकचंच ऑइल. कोणीही तीच उचलली असती. मग इंजिन ऑइल आलं कुठून? सांग ना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चाललंय. तुझा पाय सुटला हे कबूल करायला अकरा वर्षं पुरली नाहीत का? बाबांनी तर तुला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही.

त्यांची सेवा तू केलीस, मान्य. पण ती कशासाठी केलीस तेही सगळे ओळखून आहेत.

हा विषय माझ्याकडून संपला. भंगारवाल्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

बारक्या

६ फेब्रुवारी

बारक्या,

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

"त्या दिवशी." कुठल्या दिवशी? मी दिवस विचारलाच नव्हता.

हवा काढली त्या दिवशी आपण दुकानातून नवा सीलबंद डबा आणला होता. झाकणाचं सील मी दातांनी ओढून तोडलं, बाबा ओरडले, "मांजर आहेस का?" तू त्यावर पाच मिनिटं हसत होतास. फळीवरच्या बाटलीला त्या दिवशी कोणी हातही लावला नाही. तेव्हा तिला दोरा होता की नव्हता, हे कोणाच्या ध्यानात राहायचं कारण नाही. ते एकालाच आठवेल. ज्याने ती नंतर उचलली त्याला.

आता मला भंगारवाल्याचा नंबर नको. वहीतलं पानही नको. सिलिंडर मिळाला.

दिवस कोणता होता ते लिही. खरं लिहिणार नसशील तर लिहूच नकोस, पोस्टमनला फुकट चालवू नकोस.

ताई

२१ मार्च

ताई,

सहा आठवडे झाले. चार पत्रं लिहिली आणि शेगडीत घातली. बायकोने विचारलं, "कोणाला लिहिताय?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला. हे पाचवं आहे, हे वाचून पाहणार नाही, नाहीतर हेही जाईल.

हवा काढल्यापासूनचा चौथा दिवस होता. तू गेल्यानंतरचा तिसरा. दुपारी बाबा म्हणाले, "टाकीतली पातळी जरा उतरलीय, भर घाल." माझ्या हातात दुसऱ्या गाडीचं काम होतं. नवा डबा आपण हवा काढतानाच संपवला होता. फळीवरून बाटली उचलली. दोरा चाचपला, ताई. हे मात्र खरं आहे, मी चाचपला. मानेला काही लागलं नाही. ओतलं.

दोरा नव्हता, कारण तो मीच कापला होता. आदल्या आठवड्यात. पिकअपच्या समोरच्या खणाचं झाकण सारखं गुडघ्यावर पडायचं, तुझ्याच गुडघ्यावर, तू ओरडायचीस. हाताशी दुसरं काही नव्हतं. बाटलीचा दोरा कापला आणि झाकण बांधून टाकलं. म्हटलं, बाटलीला संध्याकाळी नवा बांधू. ती संध्याकाळ विसरली.

अपघातानंतर गाडी ओढून आणली तेव्हा झाकण मी उघडलं. वास आला. ब्रेक ऑइलला तो वास नसतो, तुला माहीत आहे. मी झाकण लावलं, पान्याने आवळलं. तेवढ्यात आत्या आत आली आणि म्हणाली, "कसं झालं रे हे?" माझ्या तोंडून निघालं, "ताईचा पाय सुटला असणार." असणार म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत आत्याने ते असणार काढून टाकलं. मी परत घातलं नाही.

पुढे तेच वाक्य मी कामाला येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं. हवा काढताना पेडलवरच्या माणसावर ओरडायचो, "आमच्या ताईसारखा सोडू नकोस." सांगून सांगून मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तुझं पहिलं पत्र येईपर्यंत.

आणखी एक. बाबांनी मला विचारलं होतं. तुझ्याकडे त्यांना आणून सोडलं त्या दिवशी, तू आत पाणी तापवत होतीस. म्हणाले, "भर घातलीस ती कुठल्या बाटलीतली?" मी म्हटलं, ब्रेकच्याच. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं." त्यानंतर परत कधी विचारलं नाही. मी महिन्यातून एकदाच यायचो आणि संत्री ठेवून निघायचो, त्याचं कारण हे. तू सगळ्यांना सांगायचीस की बारक्याला बापाची किळस येते. किळस नव्हती गं.

माफ कर म्हणण्याचं तोंड नाही. म्हणून म्हणत नाही.

बारक्या

२ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र वाचलं आणि शेडमध्ये गेले. तो दोरा तिथेच आहे. विटून गुलाबी झालाय, पण गाठ तुझीच, उलटी, डावऱ्याची. नऊ वर्षं माझ्या शेडमध्ये, माझ्या वाटणीत, माझ्या गुडघ्यासमोर. तुला पहिलं पत्र लिहिण्याआधी मी त्याच सीटवर बसून इंजिन चालू केलं, आणि मला तो दिसला नाही.

तुझा मला संताप येतो, तो मी गिळणार नाही. तू अकरा वर्षं माझ्यामागे उभा राहून माझ्याकडे बोट दाखवत राहिलास. नवऱ्याच्या घरी भांडण झालं की मला ऐकवलं जायचं, "बापाला जिने लोळागोळा केलं तिच्याकडून काय अपेक्षा." मला वाटायचं, खरंच आहे.

पण तुझ्यापेक्षा बाबांचा जास्त येतो. हे तुला लिहायचं नव्हतं. त्यांचा पाय चोळताना मी रडले की ते म्हणायचे, "होतं गं चुकून. मनाला लावून घेऊ नये." दोन वर्षं मी समजत होते, ते मला माफ करतायत. बारक्या, ते तुला माफ करत होते. माझ्या तोंडावर. मुलगा वाचावा म्हणून मुलीला अंधारात ठेवलं, आणि त्याच मुलीच्या हातून पेज प्यायले.

तू "बरं" ऐकून निघून गेलास. मी तिथेच राहिले.

आता ऐक. नवा सिलिंडर बसवला आहे. नळ्या धुतल्या, चाकांतली रबरं बदलली, सीलबंद डबा आणला आहे. हवा काढायची राहिली आहे. त्याला दोन माणसं लागतात, हे तूच लिहिलं होतंस. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता ये. जेवायला थांबायचं नाही. चाकापाशी मी असेन. पेडलवर तू.

दोरा मी सोडलेला नाही. तो तुझ्या डोळ्यांसमोर असेल.

आणि येण्याआधी आत्याकडे जा. सगळं सांग, असणार वगैरे न घालता.

ताई

१२ एप्रिल

ताई,

रविवारी आपण तीनच शब्द बोललो, म्हणून बाकीचे इथे लिहितो.

आत्याकडे शुक्रवारी गेलो होतो. सगळं सांगितलं. ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मला पहिल्यापासून तुझाच संशय होता." आत्याच ती, तिला काय बोलणार! पण माझ्यासमोर तिने चार ठिकाणी फोन लावले. माझं नाव घेऊन सांगितलं. मी बसून ऐकलं.

पेडलवर बसायची माझी सवय गेली आहे. बाबांच्या वेळी तूच बसायचीस, नंतर कामाची माणसं. खाली तू काय करते आहेस ते वरून काही दिसत नाही. नुसता तुझा आवाज येत होता. "दाब." "धर." मागच्या डाव्या चाकाला तू "धर" म्हणालीस आणि मग किती तरी वेळ काहीच बोलली नाहीस. पाय थरथरायला लागला. मला वाटलं, मुद्दाम करते आहेस. मग वाटलं, करू दे. मांडी भरून आली, घाम डोळ्यांत गेला, समोर तो दोरा. मी सोडलं नाही. तू "सोड" म्हणालीस तेव्हा सोडलं.

मुद्दाम केलंस का?

निघताना दोरा कापायला हात गेला होता. तुझ्याकडे बघितलं आणि मागे घेतला.

वही सापडली. सापडत नाही म्हणालो तेव्हाही ती टेबलाच्या खणातच होती. वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. ती तुझ्याकडे असू दे.

बारक्या

२० एप्रिल

बारक्या,

वही मिळाली.

हो, मुद्दाम केलं. निपल कधीच बंद केला होता. मी खाली चाकाला पाठ टेकून बसले होते आणि घड्याळात बघत होते. चार मिनिटं. मला बघायचं होतं, तू सोडतोस का. माझा पाय असा कोणी पाहिला नव्हता.

सोडलं नाहीस. ते मी बघितलं. त्यापुढे माझ्याकडे तुझ्यासाठी आज काही नाही. उद्याचं उद्या.

गाडी मी आठ दिवस चालवली. आधी रिकामी, मग पोती भरून. पेडल वरच्या वर पकडतं, चाकं तापत नाहीत, कुठे थेंब नाही. काल लेकीच्या हातात किल्ली दिली. ती पहिल्यांदाच त्या सीटवर नीट बसली आणि खणाच्या झाकणाला हात लावून म्हणाली, "आई, हा दोरा कसला गं? कापू का?"

तिला मी कधीच काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की आजोबांची गाडी भिंतीवर गेली आणि त्यात आईचं काहीतरी चुकलं होतं. सांगायला घेतलं, मग वाटलं, हे सांगायचं काम माझं नाही. मी म्हटलं, "राहू दे. मामाला विचार."

म्हणून ती येत्या शनिवारी तुझ्याकडे यायला निघते आहे. एकटी, पिकअप घेऊन. तुझ्या गॅरेजला यायचा रस्ता अजून त्याच टाकीच्या उतारावरून आहे, म्हणून तू शटरपाशी उभा राहशील आणि जीव मुठीत धरशील, मला माहीत आहे. धर. गाडी तुझ्या दाराशी येऊन थांबेल. मग ती खाली उतरून विचारेल, तेव्हा दोरा कापून तिच्या हातात दे आणि सगळं सांग.

ताई